सिनेगॉगमध्ये शोआ स्मृतिदिन कसा पाळावा: तारखेपासून कद्दीशपर्यंत

बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरात शोआचा (होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा) विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "तिथे आपलं कोण होतं?" प्रश्न खोचक नाही, खरा आहे. नाझींनी युरोपातले सुमारे ६० लाख ज्यू मारले, त्यांत सुमारे १५ लाख मुलं होती. अलिबाग, पनवेल, ठाणे, मुंबईच्या बेने इस्रायल घरांतल्या माणसांना त्या यादीत आपलं आडनाव शोधून सापडत नाही. नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वज उतरले तेव्हापासून कोकणात कुणी आपल्याला ज्यू म्हणून छळलेलंही नाही. न्यूयॉर्क किंवा बुडापेस्टच्या घरात भिंतीवरच्या एखाद्या फोटोपासून आठवण सुरू होते; इथे ती मुद्दाम उभी करावी लागते. आणि उभी करताना बहुतेकदा उसनी होते. इंग्रजी भाषण, इंटरनेटवरून उतरवलेली चित्रफीत, सहा मेणबत्त्या, पाहुण्यांचा सत्कार, समोसे.

हा लेख त्याऐवजी काय करता येईल ते सांगण्यासाठी आहे. मूळ कल्पना साधी आहे: युरोपातलं एक गाव निवडायचं, तिथल्या मारल्या गेलेल्या माणसांची नावं देवनागरीत लिहून काढायची, ती मोठ्याने वाचायची आणि त्यांच्यासाठी कद्दीश, म्हणजे मृतांच्या स्मरणाची प्रार्थना, म्हणायचा. बाकीचं सगळं त्याभोवती बसवायचं. ठाणे, पुणे, मुंबईतल्या सिनेगॉगच्या समित्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, पण इस्रायलमधल्या लोद किंवा दिमोनात मराठीतून असा कार्यक्रम करणाऱ्यांनाही बराचसा भाग चालेल.

पहिलं काम: तारीख

हिब्रू पंचांगातला २७ निसान हा योम हाशोआ, म्हणजे शोआचा स्मृतिदिन. इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, १९५१ साली तो ठरवला, १९५९ साली त्याचा कायदा झाला. वॉर्सा घेट्टोतला (नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतला) उठाव १९ एप्रिल १९४३ रोजी, पेसाखच्या सणाच्या आदल्या दिवशी सुरू झाला. ती तारीख सणाच्या तोंडावर येते म्हणून सण संपल्यावरचा दिवस घेतला गेला. २७ निसान शुक्रवारी आला तर दिवस गुरुवारी पाळतात. रविवारी आला तर सोमवारी, कारण नाहीतर शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, चालू असतानाच तयारीला हात घालावा लागेल.

ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो हे आपल्याला सांगायला नको, पण हॉल बुक करताना नेमका इथेच घोळ होतो. २०२६ मध्ये २७ निसान १४ एप्रिलला, म्हणजे कार्यक्रम १३ एप्रिलच्या संध्याकाळी. २०२७ मध्ये ४ मे, म्हणजे ३ मेची संध्याकाळ. २०२८ मध्ये २७ निसान रविवारी, २३ एप्रिलला येतो. तेव्हा दिवस सोमवारी २४ एप्रिलला आणि संध्याकाळ २३ची. २०२६ची १४ एप्रिल ही डॉ. आंबेडकर जयंती. दुसऱ्या दिवशी सुट्टी असते हे सोयीचं, पण भायखळा, आग्रीपाडा भागात आदल्या रात्रीपासून रस्ते भरलेले असतात, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना लवकर बोलवा आणि लवकर सोडा.

आता एक अडचण, जी मुकादमांनी (सिनेगॉगच्या प्रमुखांनी) नाही काढली तरी हज्जान (प्रार्थना चालवणारे) काढतील. निसान महिन्यात शोकाची भाषणं करत नाहीत, तहनून ही क्षमायाचनेची प्रार्थना म्हणत नाहीत, कबरस्तानात जाणं टाळतात. या कारणाने काही रब्बींना २७ निसान मुळात मान्य नाही. ज्यांच्या मृत्यूची तारीखच ठाऊक नाही अशांसाठी इस्रायलच्या मुख्य रब्बींनी १० तेवेतचा रोजा हा सार्वत्रिक कद्दीशचा दिवस ठरवला आहे. काही जण अव महिन्याच्या नवमीला, म्हणजे आपल्या बिरड्याच्या सणाच्या दिवशी, जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाबरोबरच शोआचं स्मरण करतात. तुमच्याकडे असा आक्षेप आला तर वाद घालू नका, वाटणी करा: नावं आणि दिवे २७ निसानला, मोठी प्रार्थना १० तेवेतला. दोन्ही दिवशी माणसं येतील का, हा वेगळा प्रश्न. माझ्या मते एकच दिवस नीट केलेला बरा, आणि तो २७ निसान असावा, कारण त्या दिवशी इस्रायलमधले आपले नातेवाईकही तेच करत असतात.

उरला २७ जानेवारी. १९४५ साली त्या दिवशी पोलंडमधली आउश्वित्झची नाझी मृत्युछावणी मुक्त झाली, आणि २००५ साली संयुक्त राष्ट्रांनी तो आंतरराष्ट्रीय स्मृतिदिन ठरवला. प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी येतो. शाळा, महाविद्यालयं, वकिलातीतले पाहुणे, वर्तमानपत्रं यांच्यासाठी हा दिवस ठेवा. २७ निसान घरच्यांचा. दोन्हींची खिचडी केली की घरच्या कार्यक्रमात हारतुरे शिरतात.

दुसरं काम: माणसं आणि जागा

पहिली बैठक पेसाखच्या आधी घ्या. अनशी धाकाच्या सणाची, म्हणजे पेसाखचीच, साफसफाई सुरू झाली की कुणी भेटत नाही, आणि सण संपल्यापासून २७ निसानपर्यंत जेमतेम पाच-सहा दिवस उरतात. मुकादम, हज्जान, नावांचं काम बघणारी एक व्यक्ती आणि मुलांचं काम बघणारी एक, एवढी चार माणसं पुरतात. मोठी समिती केली की चर्चा पाहुण्यांच्या क्रमावर येऊन थांबते.

कद्दीशसाठी मिन्यान लागतो, म्हणजे दहा प्रौढ पुरुष. मुंबई-ठाण्यात तो जमतो, तरी गृहीत धरू नका. दहाच्या जागी चौदा-पंधरा जणांकडून होकार घ्या. अलिबागची इस्रायल आळी, रेवदंडा, पेण इथे मिन्यान जमवणं आता अवघड आहे. दहा जण नसतील तर कद्दीश म्हणता येत नाही, पण तेहिलीम (बायबलमधली स्तोत्रं) वाचता येतात, नावं वाचता येतात, दिवे लावता येतात. गावात वाचलेली यादी ठाण्याला किंवा मुंबईला पाठवून तिथल्या मिन्यानमध्ये कद्दीश म्हणून घेता येतो. सणाला मोटारीने एकत्र येणाऱ्या कुटुंबांना हे सहज जमेल.

प्रार्थना सिनेगॉगच्या मुख्य दालनात आणि नावांचं वाचन बाहेरच्या मंडपात किंवा हॉलमध्ये, अशी विभागणी मला योग्य वाटते. त्याने दोन अडचणी सुटतात. बाया आणि मुली संकोचाशिवाय पुढे येऊन वाचू शकतात, आणि फोटो काढणारे हेखालसमोर (तोरा ठेवायच्या कपाटासमोर) घुटमळत नाहीत. ज्येष्ठांसाठी खुर्च्या तळमजल्यावर ठेवा. स्त्रियांच्या सज्जाचे जिने जुन्या इमारतींत उंच असतात.

पोलीस ठाण्याला लेखी पत्र आठवडाभर आधी द्या. २६ नोव्हेंबर २००८ रोजी नरिमन हाऊसवर हल्ला झाल्यापासून मुंबईतल्या ज्यू स्थळांवर बंदोबस्त असतोच, पण गर्दी किती, वेळ काय, बाहेरचे पाहुणे कोण, हे त्यांना आधी कळलेलं बरं. निमंत्रण समाजमाध्यमांवर उघडं टाकू नका. दारावर ओळखीचा माणूस बसवा, जो चेहरे ओळखतो.

तिसरं काम: नावं

या लेखातलं खरं काम हेच. वेळही यालाच सगळ्यात जास्त लागतो.

जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेकडे मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावांची नोंदवही आहे. सुमारे ५० लाख नावं त्यात आली आहेत आणि ती इंटरनेटवर कुणालाही विनामूल्य शोधता येते. अनेक नोंदी एका पानाच्या साक्षीवरून झाल्या आहेत: बचावलेल्या भावाने, भाचीने, शेजाऱ्याने स्वतःच्या हाताने भरलेला फॉर्म. नाव, आईवडील, जन्मसाल, गाव, धंदा, मृत्यूची जागा.

६० लाख हा आकडा मनात मावत नाही, म्हणून एक गाव घ्या. माझी शिफारस सालोनिकाची, म्हणजे ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीची. कारण सांगतो. आपण पोलंड आणि जर्मनीची चित्रं बघत मोठे झालो. त्यातले काळ्या कोटातले, यिद्दिश बोलणारे लोक आपल्याला परकेच वाटतात. सालोनिकातले ज्यू सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडचे, होते, आपल्या प्रार्थनेची धाटणीही सेफार्दीच. पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमधून हाकलले गेलेले हे लोक घरी लादिनो ही स्पॅनिशमधून आलेली ज्यू बोली बोलत. बंदरातले हमालही ज्यू असल्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथलं बंदर शनिवारी बंद असे. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना लोक शनिवार तेली म्हणत, हे आठवलं की ते बंदर फार लांबचं राहत नाही.

घटनाक्रम सांगायला सोपा आहे. ९ एप्रिल १९४१ रोजी जर्मन फौज शहरात आली. ११ जुलै १९४२ रोजी सुमारे ९,००० ज्यू पुरुषांना भर उन्हात चौकात उभं करून मजुरीसाठी नोंदवलं गेलं. त्या चौकाचं नाव स्वातंत्र्य चौक. डिसेंबर १९४२ मध्ये शतकानुशतकांचं ज्यू कबरस्तान उखडलं, त्याचे दगड बांधकामात वापरले गेले. तिथल्या विद्यापीठाचा परिसर आज त्या जागेवर आहे. १५ मार्च १९४३ रोजी पहिली आगगाडी आउश्वित्झकडे निघाली आणि ऑगस्टपर्यंत ४५ हजारांच्या वर माणसं नेली गेली. बहुतेकांना पोचल्या दिवशीच विषारी वायूने मारलं. पन्नास हजारांच्या आसपासच्या समाजातले दोन हजारांच्या आसपास उरले.

नोंदवहीत गावाच्या नावाने शोध घ्या. ग्रीक, जर्मन, इंग्रजी अशी वेगवेगळी रूपं टाकून बघा. मग पुढच्या तीन गोष्टी तपासल्याशिवाय एकही नाव यादीत घेऊ नका.

एक, नोंदवहीत बचावलेल्या किंवा शेवट अज्ञात असलेल्या माणसांच्याही नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत त्या व्यक्तीचं काय झालं ते लिहिलेलं असतं, ते वाचा. जिवंत राहिलेल्या माणसाच्या नावाने कद्दीश म्हणणं हे कुणाच्याच हातून व्हायला नको. दोन, एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी असू शकतात, कारण मुलाने वेगळा आणि चुलतभावाने वेगळा फॉर्म भरलेला असतो. आईवडिलांची नावं जुळतात का बघा. तीन, वय. जन्मसाल असेल तरच वय काढा, अंदाजाने लिहू नका.

किती नावं? नाव, वय, आईचं किंवा वडिलांचं नाव आणि धंदा एवढं सावकाश वाचायला दहा सेकंद लागतात. म्हणजे मिनिटाला सहा, वीस मिनिटांत एकशेवीस. त्याहून जास्त घेऊ नका. वाचणाऱ्याचा आवाज सपाट होतो आणि ऐकणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे जातं.

कुटुंबं तोडू नका. एका घरातली सात नावं असतील तर ती सलग आणि एकाच वाचकाकडे द्या. आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत एकच आडनाव येत राहतं तेव्हा शोआ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. यादीत तुम्हाला मोशे, एस्तेर, राहेल, बिन्यामीन, दावीद भेटतील; सभागृहात त्याच नावाची माणसं बसलेली असतील. आडनावं मात्र वेगळी: मोल्हो, साल्तिएल, नाहमियास, बेनव्हेनिस्ते. स्त्रियांची काही नावं लादिनोतली असतील, रेइना, आलेग्रा, सोल. ती देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहा आणि शक्य तर इस्रायलमधल्या कुणा लादिनो जाणणाऱ्याकडून फोनवर तपासून घ्या. तेवढी तसदी त्या माणसांसाठी घ्यायला हवी.

प्रत्येक वाचकाला जाड कागदावर मोठ्या टायपात छापलेलं कार्ड द्या. मोबाइलवरून वाचायला लावू नका, मधेच कुणाचा तरी फोन येतो. वाचकांत वयांची सरमिसळ ठेवा. घरी एकदा मोठ्याने वाचून यायला सांगा.

ज्यांचं मूळ बगदादी आहे त्यांच्यासाठी यादीत एक वेगळं पान हवं. १ आणि २ जून १९४१ रोजी, शावुओतच्या सणात, बगदादमध्ये ज्यू वस्त्यांवर हल्ला झाला. नाझींना अनुकूल असलेलं सरकार नुकतंच कोसळलं होतं आणि नवीन सरकारने कारभार हातात घ्यायच्या आधी हे घडलं. याला फरहूद म्हणतात. मृतांचा आकडा साधारण १८० सांगतात. भायखळ्याच्या मागेन दावीदमध्ये किंवा काळा घोड्याच्या केनेसेथ एलियाहू या बगदादी सिनेगॉगमध्ये कार्यक्रम असेल तर फरहूद वगळून चालणार नाही. इथे "आपलं कोण होतं" याचं उत्तर सरळ मिळतं.

चौथं काम: इथला इतिहास

दहा मिनिटं स्थानिक इतिहासाला द्या. यात चुका फार होतात, म्हणून थोडं तपशिलाने लिहितो.

हिटलर सत्तेवर आल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९३४ साली, मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. जर्मनी, ऑस्ट्रिया, झेकोस्लोव्हाकियातून येणाऱ्या निर्वासितांच्या खर्चाची हमी ती घेई, तेव्हा ब्रिटिश सरकार व्हिसा देई. १९३९ साली युद्ध सुरू झालं आणि जर्मन-ऑस्ट्रियन पासपोर्ट असलेले सगळे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. हिटलरपासून पळून आलेले ज्यूही त्यात आले. त्यांना अहमदनगरच्या छावणीत ठेवलं, पुढे काहींना देवळाली आणि देहरादूनला. पुरंदर किल्ला आणि सातारा इथेही अशा लोकांना सक्तीने राहावं लागलं. चौकशी समितीपुढे उभं राहून, असोसिएशनच्या हमीवर बरेच सुटले. पुरंदरावर ट्रेकला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

याच लोंढ्यात काही नावाजलेली माणसं होती. संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ मध्ये मुंबईत आले, आकाशवाणीत काम करू लागले. सकाळी प्रक्षेपण सुरू होताना वाजणारी आकाशवाणीची ओळखधून त्यांची समजली जाते. आपल्या आजी-आजोबांनी ती रोज ऐकली. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर स्वतः ज्यू नव्हते, त्यांची पत्नी होती. त्यांच्या घरी रझा, आरा, हुसेन यांची ऊठबस असे. व्हिएन्नाहूनच आलेले इमॅन्युएल श्लेझिंगर या चित्रकारांची चित्रं विकत घेत. ओळखधून कार्यक्रमात वाजवायची का, हे हज्जानांना विचारा. ओमेरच्या दिवसांत, म्हणजे पेसाख ते शावुओत या काळात, काही लोक संगीत वर्ज्य मानतात. नको म्हणाले तर फक्त सांगा. ऐकणाऱ्यांच्या डोक्यात ती आपोआप वाजेल.

आता वळिवडे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, आणि मराठीत शोआवर बोलणारा जवळजवळ प्रत्येक वक्ता त्यांचा उल्लेख "हिटलरपासून वाचलेले ज्यू" असा करतो. ते बहुतांश कॅथलिक पोलिश होते आणि त्यांना सोव्हिएत सत्तेने सायबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केलं होतं. त्यांची कहाणी मोठी आहे, कोल्हापूरकरांनी त्यांना सांभाळलं हेही खरं. पण ती शोआची कहाणी नव्हे. त्या पोलिश निर्वासितांबरोबर इराणमध्ये पोचलेल्या ज्यू मुलांचा एक गट मात्र वेगळा निघाला. 'तेहरानची मुलं' म्हणून ओळखली जाणारी ही सातशेहून अधिक मुलं जानेवारी १९४३ मध्ये बोटीने तेव्हा भारतात असलेल्या कराचीला आली आणि तिथून सुएझमार्गे फेब्रुवारीत पॅलेस्टाइनला पोचली. भारताशी दुवा हवाच असेल तर कराचीचा सांगा.

निवेदनाला आकार कसा द्यायचा? आपल्याकडे १८८० च्या सुमारापासून मराठी कीर्तनाची परंपरा आहे. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं कीर्तनातून झाली. तीच बांधणी वापरा: सुरुवातीला तेहिलीममधली एक ओळ, तिचं थोडक्यात निरूपण, मग सालोनिकाचं आख्यान. टाळ-पेटी नको, फक्त बांधणी. एकच माणूस, कागद न बघता, मराठीत. पॉवरपॉइंटपेक्षा हे किती चांगलं उतरतं ते एकदा करून बघा.

पाचवं काम: दिवे आणि प्रार्थना

सहा दिवे लावतात, ६० लाखांसाठी. मेणबत्त्याच हव्यात असं काही नाही. काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल आणि तरंगती वात, हे आपल्या सिनेगॉगांना जुनं आहे आणि दिसतंही चांगलं. एप्रिल-मेच्या उकाड्यात पंखे बंद ठेवता येत नाहीत आणि पंख्याखाली मेणबत्ती टिकत नाही. पेल्याच्या आत खोल असलेली वात टिकते. टेबलाखाली ट्रे, बाजूला पाण्याची बादली. दिवे कोणी लावायचे? देणगीदारांना मान म्हणून वाटू नका. सगळ्यात वयस्क स्त्री, बार मित्झ्वा (तेराव्या वर्षीचा धार्मिक विधी) झालेला सगळ्यात लहान मुलगा, नावं गोळा करणारी व्यक्ती, इस्रायलहून आलेलं कुणी, सिनेगॉगचा शमाश (सेवक). सहावा दिवा सगळ्या जमावाच्या वतीने मुकादमांनी.

क्रम असा ठेवता येईल. मुंबईत त्या दिवसांत सूर्य सातच्या आसपास मावळतो.

सव्वासात: आर्वीतची, म्हणजे रात्रीची, प्रार्थना, मुख्य दालनात.
पावणेआठ: हॉलमध्ये दिवे, प्रत्येक दिव्याला एक वाक्य, भाषण नाही.
सात पंचावन्न: आख्यान, इथल्या इतिहासासह, पंचवीस मिनिटं.
आठ वीस: नावं.
आठ चाळीस: सगळे उभे, दोन मिनिटं शांतता.
त्यानंतर तेहिलीम ७९ आणि १३०, हिब्रूत एक आणि मराठीत एक, हश्काबा (मृतांच्या शांतीसाठीची प्रार्थना), शेवटी कद्दीश.

अश्कनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, परंपरेत हश्काबाच्या ठिकाणी 'एल माले राहामीम' म्हणतात, त्याचा शोआसाठीचा वेगळा पाठ आहे. सेफार्दी परंपरेत हश्काबा. इंटरनेटवर पहिला सापडतो म्हणून तोच घेतला जातो. हज्जान ठरवतील ते करा, पण विचारून करा. कद्दीशचा देवनागरी पाठ छापून प्रत्येकाच्या हातात द्या. कद्दीशचे अरामी भाषेतले शब्द पाठ नसलेले तरुण बरेच असतात आणि ते ओठ हलवत उभे राहतात. मागच्या बाजूला मराठी अर्थ द्या. कद्दीशमध्ये मृत्यूचा उल्लेखच नाही, सगळी स्तुती आहे, हे बऱ्याच जणांना अर्थ वाचल्यावरच कळतं.

बाहेरचे पाहुणे असतील तर दारात टोप्यांची पेटी ठेवा, रुमालही चालतो. टाळ्या वाजवायच्या नाहीत हे सुरुवातीलाच सांगा. आपल्या लोकांना भाषण संपलं की टाळीची सवय आहे.

सहावं काम: मुलं

दहा वर्षांखालच्या मुलांना प्रेतांचे फोटो दाखवायचे नाहीत. यावर तडजोड नको. त्यांच्यासाठी वेगळी खोली, एका मुलाची किंवा मुलीची गोष्ट: घर, शाळा, खेळ, मग हे सगळं कसं एकेक करून बंद झालं, आणि कुणी मदत केली. गोष्ट अशी निवडा ज्यात मूल शेवटी जिवंत राहतं. सालोनिकातल्या एका घराचं चित्र काढायला लावा. मोठ्या मुलांना खरी कागदपत्रं दाखवा, साक्षीचं पान कसं वाचायचं ते शिकवा. नावं शोधण्याचं काम तेराच्या पुढची मुलं मोठ्यांपेक्षा भराभर करतात.

मुलांच्या छातीवर पिवळा तारा लावणं, आगगाडीच्या डब्याचं नाटक, 'कैदी' बनवून रांगेत उभं करणं असले प्रकार काही शाळांत होतात. करू नका. त्याने मुलांना काही समजत नाही, एक तर ती घाबरतात किंवा हसतात.

सातवं काम: प्रदर्शन आणि बाहेरचे प्रश्न

याद वाशेम आणि वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय शाळा-संस्थांसाठी प्रदर्शनाची तयार सामग्री पुरवतात. परवानगीच्या अटी वाचा, मजकूर मराठीत आणा आणि सनबोर्डवर छापून घ्या. फ्लेक्स सुरकुततो आणि दिव्याच्या उजेडात चमकतो. मराठी वाचणारा कुणीतरी बाहेरचा माणूस प्रुफं तपासायला घ्या.

नाझी झेंडा दिसणारं चित्र असेल तर खाली एक ओळ लिहा की हे नाझी पक्षाचं चिन्ह आहे, आणि तेवढ्यावर थांबा. शेजारच्या घराच्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक बघत आपण लहानाचे मोठे झालो आहोत. त्याबद्दल कुणाला व्याख्यान द्यायची गरज नाही.

कोणी ना कोणी म्हणणारच, "पण हिटलर शिस्तीचा होता." मराठीत कडक हेडमास्तरला हिटलर म्हणायची सवय आहे आणि त्याचं आत्मचरित्र फुटपाथवर विकलं जातं. २००६ साली खारघरला त्याच्या नावाने रेस्टॉरंट निघालं होतं. मुंबईच्या ज्यूंनी विरोध केल्यावर नाव बदललं गेलं. असा माणूस समोर आला तर चिडू नका. त्याला नावांचं एक कार्ड वाचायला द्या, शक्यतो मुलांची वयं असलेलं. माझ्या अनुभवात वादापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, अर्थात नेहमी होत नाही.

दुसरा प्रश्न गाझाचा. तो येईल, आणि तो विचारणाऱ्याला हुसकावून लावू नये. सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगावं की हा तास मृतांच्या नावांचा आहे, आजच्या राजकारणावर चहाच्या वेळी मोकळेपणाने बोलू. आणि मग चहाच्या वेळी खरोखर बोला. उलट बाजूने, वकिलातीतून किंवा राजकीय पक्षातून आलेल्या पाहुण्याला हा तास स्वतःच्या भाषणासाठी वापरू देऊ नका. निमंत्रणातच लिहा: दोन मिनिटं, लिखित, आधी दाखवलेलं.

नाझींनी रोमा लोक, अपंग आणि मनोरुग्ण, सोव्हिएत युद्धकैदी यांनाही लाखोंनी मारलं. आख्यानात त्यांचा उल्लेख जरूर करा. एका वाक्यात उरकू नका, पण नावांच्या यादीत सरमिसळही करू नका. ती यादी एका गावची आहे.

चहाबरोबर बिस्किटं, फळं. जेवणावळ नको.

दुसऱ्या दिवशी

इस्रायलमध्ये सकाळी दहाला दोन मिनिटं भोंगा वाजतो, रस्त्यावरच्या गाड्या थांबतात, माणसं बाहेर येऊन उभी राहतात. त्या वेळी आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. अश्दोद, लोद, बीरशेबाच्या नातेवाईकांना आधी सांगून व्हिडिओ कॉल लावा, सिनेगॉगमध्ये किंवा घरी. ज्यांना संध्याकाळी येणं जमलं नाही त्यांच्यासाठी एवढंही पुरे. आदल्या रात्रीचा याद वाशेममधला सरकारी सोहळा तिकडे आठला, म्हणजे इथे साडेदहाला सुरू होतो; आपला कार्यक्रम संपवून घरी जाऊन तो बघता येतो.

त्याच आठवड्यात आठवणी गोळा करायला लागा. नव्वदीच्या आसपासची माणसं अजून आहेत, ज्यांच्या घरी किंवा चाळीत युरोपातून आलेलं एखादं कुटुंब भाड्याने राहिलं, ज्यांना एखाद्या व्हिएन्नाच्या बाईने पियानो शिकवला, ज्यांच्या वडिलांनी निर्वासितांसाठी वर्गणी दिली. मोबाइलवर रेकॉर्ड करा, सुरुवातीला नाव, तारीख, जागा बोलून घ्या. मोघम "सांगा काहीतरी" असं न विचारता जागेपासून सुरू करा: कोणता रस्ता, कितवा मजला, ते लोक काय खात. जुनी पत्रं, वर्गणीच्या पावत्या, सिनेगॉगची इतिवृत्तं मिळाली तर मूळ प्रत मागू नका, तिथेच स्कॅन करून परत द्या. समाजात कुणी युरोपीय ज्यू कुटुंबात लग्न केलेलं असेल आणि त्या बाजूचं कुणी मारलं गेलं असेल, तर याद वाशेमचं साक्षीचं पान अजूनही भरता येतं. इंग्रजीत किंवा हिब्रूत भरायला त्यांना मदत करा.

सगळं एका फाईलमध्ये ठेवा आणि ती समितीच्या कपाटात, कुणाच्या घरी नको. त्यात वाचलेल्या नावांवर खूण करा, म्हणजे पुढच्या वर्षी सालोनिकाच्या पुढच्या एकशेवीस नावांपासून सुरुवात होईल. गाव दर वर्षी बदलायची घाई करू नका, निदान पाच-सहा वर्षं एकाच गावाबरोबर राहा. पुढची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. ती मे महिन्यात येत असेल तर परीक्षा संपून निम्मी कुटुंबं गावी किंवा इस्रायलला गेलेली असतात, तेव्हा मिन्यानचे होकार मार्चमध्येच घ्यायचे हेही तिथेच लिहून ठेवा.